मोटारीच्या मागील चाकांचे ब्रेक



गेल्या वर्षीं विज्ञानाच्या तासास घर्षणाचा पाठ चालू असतां नववींतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून मला विचारलें, "सर, आमच्या मोटारीला पुढें डिस्क ब्रेक आहेत, पण मागें जुने ड्रमच आहेत. दादा म्हणतो, मागेंही डिस्क बसविल्या कीं मोटार निम्म्या अंतरांत थांबेल. त्यानें त्यासाठीं पैसे सांठविले आहेत. हें खरें काय?"

प्रश्न ऐकून मला आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. आनंद अशासाठीं कीं, पाठ्यपुस्तकांतील घर्षण त्या मुलाच्या घरच्या अंगणांत जाऊन उभें राहिलें होतें. काळजी अशासाठीं कीं, ब्रेकविषयींची चुकीची समजूत परीक्षेंतील चुकीप्रमाणें दोन गुणांवर भागत नाहीं. त्या दिवशीं फळ्यावर जें घाईघाईनें मांडलें, तेंच येथें सावकाश मांडीत आहें. पालकांनींही तें वाचावें, अशी विनंति आहे.

आपला हा भाग मोटारींचा. सन १९६६ मध्यें टेल्कोनें पिंपरी-चिंचवड येथें आपला कारखाना उभारला. आकुर्डीस बजाजचा कारखाना आला. पुढें पुणें-नाशिक रस्त्यानें उद्योग चाकणपर्यंत पसरले, आणि ३१ मार्च २००९ रोजीं तेथें फोक्सवॅगनच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. वाहनांच्या कसोट्या घेणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून पुण्यांत आहे, आणि रस्ते-वाहतुकीचा अभ्यास करणारी सी. आय. आर. टी. ही संस्था तर आपल्या भोसरीसच आहे. पहाटेच्या पाळीस कंपनीच्या बसगाड्यांतून जे पालक जातात, त्यांपैकीं कित्येकांच्या हातांखालून मोटारींचे भाग रोज जात असतील. जेथें मोटारी जन्मास येतात, तेथील मुलांस मोटार कशी थांबते हें ठाऊक नसावें, हें बरें नव्हे.

प्रथम ब्रेकचें काम काय तें पाहूं. धांवणाऱ्या मोटारीच्या अंगीं गतिज ऊर्जा असते. वस्तुमानाचा अर्धा भाग घेऊन त्यास वेगाच्या वर्गानें गुणिलें, म्हणजे ती मिळते. १००० किलोग्रॅमची मोटार ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगानें जात असेल, तर तिची ऊर्जा २,००,००० ज्यूल होते. वेग ताशीं १०८ किलोमीटर झाला कीं तीच ऊर्जा ४,५०,००० ज्यूल होते. वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट! ही ऊर्जा नाहींशी करतां येत नाहीं. ब्रेक तिचें घर्षणानें उष्णतेंत रूपांतर करतो. ४,५०,००० ज्यूल उष्णतेनें सुमारें दीड लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीस येईल. आगगाडीच्या फाटकापाशीं एकदां मोटार थांबविणें म्हणजे किती मोठें काम आहे, हें यावरून कळेल.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ब्रेक चाकास थांबवितो. मोटारीस थांबवितो तो टायर आणि रस्ता यांमधील पकड. ब्रेक कितीही बलवान् असला, तरी टायरची पकड जितकी, तितकाच त्याचा उपयोग. ती पकड टायरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. तेव्हां कोणत्या चाकाचा ब्रेक किती बलवान् असावा, हें ठरविण्यापूर्वीं त्या चाकावर भार किती पडतो हें विचारलें पाहिजे.

एस. टी. च्या गाडीनें अकस्मात् ब्रेक लावला कीं उभे असलेले सर्व प्रवासी पुढें झुकतात. हें जडत्वाचें कार्य आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. मोटारीचा स्वतःचा भारही त्याच रीतीनें पुढें झुकतो. पुढचीं चाकें दाबलीं जातात आणि मागचीं हलकीं होतात. एक हिशेब करूं. समजा, मोटारीचें वजन १००० किलोग्रॅम आहे. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २४० सेंटिमीटर आहे. आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. मोटार उभी असतां ६०० किलोग्रॅम भार पुढें आणि ४०० मागें आहे. आतां गुरुत्वप्रवेगाच्या आठ दशांश इतक्या जोरानें ब्रेक लावला. सरकणारा भार = १००० × ०.८ × ६० ÷ २४०, म्हणजे २०० किलोग्रॅम. पुढें झाले ८०० आणि मागें राहिले अवघे २००. कोरड्या डांबरावर पकडीचें प्रमाण ०.८ धरलें, तर पुढचे टायर ६४० किलोग्रॅमचा रोध करूं शकतात आणि मागचे फक्त १६०. थांबविण्याच्या कामाचे पांच भाग केले, तर चार पुढच्या चाकांचे आणि एक मागच्यांचा!

पूर्वीं हें सर्वांस ठाऊक नव्हतें. आरंभींच्या मोटारींना ब्रेक केवळ मागच्या चाकांस असत. चारी चाकांना ब्रेक लावण्याची पद्धत १९२० नंतरच्या दशकांत रूढ झाली. ड्रम ब्रेकचें आजचें स्वरूप फ्रान्सच्या लुई रेनॉनें १९०२ सालीं सिद्ध केलें, असें मानतात. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत लँचेस्टरनें डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. तरी डिस्कची कीर्ति झाली ती १९५३ सालीं, जेव्हां जग्वारच्या मोटारीनें डिस्क ब्रेकच्या बळावर ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन डी. एस. या मोटारीस डिस्क बसविल्या, त्या पुढच्या चाकांस. मागें ड्रमच ठेविले. आतां याचें कारण आपणांस कळलें.

आतां पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीकडे वळूं. आपल्याकडील जुनी अँबॅसेडर किंवा पद्मिनी मागच्या चाकांनीं ढकलली जात असे. तिच्या पोटाखालून लांब दांडा मागच्या आंसापर्यंत जाई. १९८३ सालीं आलेली मारुती ८०० आणि १९९८ सालीं जगापुढें आलेली, आपल्याच पिंपरी-चिंचवडची इंडिका, या पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या मोटारी. यांत इंजिन, गिअरपेटी आणि चाकांस फिरविणारे दांडे, सर्व कांहीं पुढें असतें. त्यामुळें मागची बाजू मुळांतच हलकी. इंडिकेस पुढें डिस्क आणि मागें ड्रम होते. चाकणला बनणाऱ्या पोलोचीही तीच रीत होती. इतकेंच नव्हे, तर २०२१ सालीं आलेल्या चाकणच्याच तायगून मोटारीस सुमारें १५० अश्वशक्तीचें इंजिन मिळत असतांही मागें ड्रमच दिले होते. कोणी म्हणेल, हा काटकसरीचा प्रकार. ड्रम स्वस्त पडतो, हें खरेंच आहे. पण पांचांतील एक भाग काम करणाऱ्यास तो पुरतो, हेंही तितकेंच खरें आहे.

"पण सर, पुरतो तो पुरतो, अधिक बलवान् केला तर तोटा काय?" असा पुढचा प्रश्न त्या मुलानें विचारलाच. येथेंच खरी मेख आहे.

फिरणारें चाक जमिनीस धरून राहतें, आणि आडव्या दिशेसही सरकूं देत नाहीं. पण ब्रेकनें चाक पूर्ण अडकलें कीं टायर घसरूं लागतो, आणि घसरणाऱ्या टायरास पुढें काय आणि बाजूस काय, सर्व दिशा सारख्याच. पुढचीं चाकें अडकलीं तर मोटार चक्रास जुमानीत नाहीं, पण निदान सरळ जाते. मागचीं चाकें आधीं अडकलीं तर मागची बाजू पुढच्या बाजूस गांठावयास निघते आणि मोटार भोंवऱ्यासारखी फिरते. मग चालकाच्या हातीं कांहीं उरत नाहीं.

हें घरीं पाहतां येईल. सहज फिरणाऱ्या चाकांची एक खेळण्यांतली मोटार घ्या. एक गुळगुळीत फळी एका बाजूनें पुरेशी उंच करा. मोटारीच्या मागच्या चाकांत कागदाच्या घड्या खोंवून तीं अडकवा आणि तोंड खालीं करून मोटार सोडा. ती अर्ध्या वाटेंतच वळेल आणि शेपटाकडून खालीं येईल. आतां मागचीं चाकें मोकळीं करून पुढचीं अडकवा. ती सरळ घसरत येईल. दहा वेळां करा; फळ तेंच. याच कारणास्तव संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमांत असें तत्त्व घातलें आहे कीं, सामान्य मोटारीचीं पुढचीं चाकें मागच्यांच्या आधीं अडकावींत.

आतां दादाच्या बेताचा हिशेब मांडूं. आपल्या उदाहरणांतील मोटारीचे ब्रेक ८० व २० अशा प्रमाणांत आहेत. मागें मोठी डिस्क आणि मोठा पिस्टन घालून मागचा जोर दीडपट केला. म्हणजे प्रमाण ८० व ३० झालें. पायाचा दाब वाढत जाऊन मंदन ०.६८ पर्यंत आलें कीं मागच्या चाकांवर भार उरतो ४०० वजा १७०, म्हणजे २३० किलोग्रॅम. त्यांची पकड झाली १८४. पण एकंदर ६८० पैकीं मागच्या ब्रेकचा वांटा तीन-अकरांश, म्हणजे सुमारें १८५. झालें! मागचीं चाकें अडकलीं. पूर्वीं हीच मोटार ०.८ पर्यंत निर्धास्त थांबत होती. ताशीं ७२ किलोमीटर वेगापासून पूर्वीं लागे सुमारें साडेपंचवीस मीटर अंतर. आतां मागचीं चाकें न अडकवितां थांबावयाचें तर लागेल सुमारें तीस मीटर. पैसे खर्चून मोटार साडेचार मीटर लांब थांबूं लागली! आणि घाबरून कोणी अधिक जोरानें पाय दाबला, तर ती फळीवरच्या खेळण्यासारखी फिरेल. चालक एकटाच असून मागची बैठक रिकामी असेल, किंवा मोटार उतारावर असेल, तर मागचा भार आणखी कमी आणि धोका आणखी मोठा.

याखेरीज लहान-मोठ्या अडचणी आहेतच. मोठ्या पिस्टनला ब्रेक-ऑईल अधिक लागतें; मास्टर सिलिंडर मात्र जुनाच राहतो; म्हणून पेडल खोल जाऊं लागतें. ड्रममधील पुढचा शू फिरत्या ड्रमाबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक दाबला जातो. हा गुण डिस्कला नाहीं. त्यामुळें चढावर मोटार उभी धरण्यास ड्रमचा हँडब्रेक सोपा, आणि डिस्कला त्यासाठीं निराळी योजना करावी लागते. ए. बी. एस. असलेल्या मोटारींत प्रत्येक चाकाचा दाब मापून सोडणारें यंत्र असतें. तें कारखान्यानें ज्या ब्रेकसाठीं जुळविलें, त्यावांचून दुसरे घातले तर त्याचा हिशेब चुकूं शकतो.

मग मागच्या डिस्कला कांहींच अर्थ नाहीं काय? आहे. डिस्क मोकळ्या हवेंत असल्यामुळें लवकर निवते. पाण्यांतून गेल्यावर लवकर सुकते. पॅड झिजले कीं सहज दिसतात. जड, वेगवान् मोटारींस कारखानेच मागें डिस्क देतात; पण त्याबरोबर मास्टर सिलिंडर, दाबाचें नियमन आणि हँडब्रेक हीं सर्व एकत्र बेतून, कसोटीच्या धांवपट्टीवर तपासून देतात. एक भाग उचलून आणणें निराळें, आणि सर्व भागांचा मेळ घालणें निराळें.

येथें दादाच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याची तक्रार अशी होती कीं, घरचीं सर्व माणसें बसलीं म्हणजे मोटार नीट थांबत नाहीं. ही तक्रार खोटी नव्हती. मोटारींत पांच माणसें आणि सामान मिळून वजन १३५० किलोग्रॅम झालें, आणि तें पुढें-मागें सारखें वांटलें गेलें असें धरूं. त्याच ०.८ मंदनास मागें भार राहतो ४०५ किलोग्रॅम. म्हणजे रिकाम्या मोटारीच्या दुप्पट. तेव्हां मागचा ब्रेक अधिक काम करूं शकला असता. रिकामी असतां थोडें आणि भरली असतां अधिक, हें काम एकाच ब्रेकनें कसें करावें? १९५९ च्या मिनी मोटारींत मागच्या ब्रेकचा दाब ठराविक मर्यादेपुढें वाढूं न देणारी झडप होती. पुढें कांहीं वाहनांत मागचा सांगाडा किती दबला आहे तें पाहून दाब बदलणारी झडप आली. आतां ए. बी. एस. बरोबर येणारी ई. बी. डी. ही योजना चाकांचा वेग मोजून तेंच काम क्षणोक्षणीं करते. पाहा, मागच्या ब्रेकची सुधारणा शास्त्रज्ञांनींही केली. पण ती जोर वाढवून नव्हे, तर जोराचें माप ठेवून.

मग आपण घरीं काय करावें? पहिली सुधारणा टायरांची. झिजलेल्या टायरावर कोणताही ब्रेक व्यर्थ आहे. दुसरी ब्रेक-ऑईलची. हें ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण ओल शिरली कीं तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. उकळलेल्या ऑईलची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळास जातें. म्हणून आपल्याकडील पावसाळा ध्यानांत घेऊन दर दोन वर्षांनीं तें बदलावें. तिसरी सुधारणा ड्रमच्या आंतली. वर्षांतून एकदां ड्रम उघडून धूळ ओल्या फडक्यानें पुसून काढावी, फुंकूं नये; शूची झीज, व्हील सिलिंडरची गळती आणि हँडब्रेकची तार पाहावी. पाण्यांतून मोटार गेली, तर पुढें मोकळ्या रस्त्यावर हळू चालवीत दोन-चार वेळां ब्रेक हलकेच दाबून ते सुकवावे.

चौथी सुधारणा चालकाची. खंडाळ्याहून खोपोलीस उतरतांना मोटार पांचशें मीटरांहून अधिक खालीं येते. आपली भरलेली मोटार इतकी उतरवितांना जी ऊर्जा आवरावी लागते, ती ताशीं ७२ किलोमीटर वेगापासून चोवीस वेळां थांबण्याइतकी होते. ती सर्व ब्रेकवर टाकली तर पुढच्या डिस्काही तापून निकामी होतील. खालच्या गिअरांत उतरावें, म्हणजे इंजिनच बराच भार धरतें. आणि चालत्या मोटारींत गंमतीनें हँडब्रेक ओढणाऱ्या तरुणांनीं फळीवरचें खेळणें आठवावें. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर चालतो.

आतां त्या घरची हकीकत सांगून लेख पुरा करतों. पुढच्या रविवारीं दादा मोटार घेऊन मिस्त्रीकडे गेला, आणि नवें सामान घेण्यापूर्वीं मागचे ड्रम उघडावयास सांगितलें. उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळून शूचें अस्तर ऑईलनें भिजलें होतें. डाव्या चाकांतील शू आणि ड्रम यांमधलें अंतर आपोआप जुळविणारा भाग गंजून अडकला होता. कित्येक वर्षांत तें झांकण कोणी उघडलेंच नव्हतें. दादा म्हणाला, "म्हणजे मागें ब्रेक नव्हताच म्हणायचा!" नवे शू, नवे सिलिंडर, ताजें ऑईल आणि मागचे दोन टायर, एवढें करूनही सांठविलेल्या पैशांतले पैसे उरले. दिवाळींत तें कुटुंब सर्व माणसांसह कोंकणांत जाऊन सुखरूप परत आलें. मोटार निम्म्या अंतरांत थांबत नाहीं. पण कारखान्यांतून निघाली तेव्हां जेथें थांबत होती, तेथें पुन्हां थांबूं लागली.

तात्पर्य, पांचांतील एक भाग काम करणाराचें काम लहान दिसतें. तें बंद पडलें तर चौघांवर भार येतो, आणि तें मापाबाहेर गेलें तर पांचही फिरतात. मागच्या ब्रेकास बळ द्यावयाचें नसतें; त्यास त्याचें काम नीट करूं द्यावयाचें असतें. या सुटींत वडिलांबरोबर किंवा दादाबरोबर बसून एकदां मागचा ड्रम उघडून पाहा, आणि आंत काय दिसलें तें पुढच्या तासास मला सांगा.